मोबाईल दिला नसता तर?

नागपुरातल्या माझ्या समुपदेशन कक्षात ऑटिझमचे, म्हणजेच स्वमग्नतेचे, निदान नुकतेच झालेल्या मुलांचे पालक येतात. ते धरमपेठेतले असोत की सक्करदऱ्यातले, त्यांचा पहिला प्रश्न उपचारांविषयी क्वचितच असतो. "मी नोकरी सोडली असती तर?", "त्याला मोबाईल दिला नसता तर?" असाच तो असतो, आणि बहुतेक वेळा तो आईच विचारते. म्हणून, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, एका कुटुंबाविषयी लिहीत आहे.

मुलगा पावणेतीन वर्षांचा होता. आई बँकेत, वडील बुटीबोरीच्या कारखान्यात पाळीच्या कामावर, आणि मूल दिवसभर आजीजवळ. भरवताना मोबाईल लावून देणारी आजीच, आणि "आई घरात नसली की लेकरू असंच होतं" हे म्हणणारीही तीच. वडिलांनी एमआरआयचा लिफाफा माझ्यापुढे ठेवला. "रिपोर्ट नॉर्मल आहे, मॅडम. मग मेंदूत काहीच नाही ना?" मी त्यांना सांगितले, की ऑटिझमचे निदान एमआरआयवरून होत नाही, ते मुलाचे वागणे आणि विकासाचा इतिहास पाहूनच होते. संशोधकांना मेंदूत जे फरक आढळले, ते अनेक मुलांच्या मोजमापांची तुलना केल्यावर दिसणारे आहेत, एका मुलाच्या फिल्मवर बोट ठेवून दाखवता येणारे नव्हेत.

ते फरक मी पालकांना सविस्तर सांगते, कारण "तुमचा दोष नाही" एवढ्या कोरड्या धीराने कोणाचेच समाधान होत नाही. मोठ्या भावंडाला ऑटिझम असलेल्या बाळांच्या मेंदूचे अमेरिकेत ठरावीक महिन्यांनी स्कॅन केले गेले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, ज्या बाळांना पुढे ऑटिझमचे निदान झाले त्यांच्या मेंदूच्या बाह्यपटलाचे क्षेत्रफळ ६ ते १२ महिन्यांच्या दरम्यान अधिक वेगाने वाढलेले आढळले, आणि दुसऱ्या वर्षी मेंदूचे आकारमानही. २०१४ च्या एका छोट्या अभ्यासात ऑटिझम असलेल्या मृत मुलांच्या मेंदूतील ऊती तपासल्या, तेव्हा ११ पैकी १० जणांच्या बाह्यपटलात पेशींची मांडणी विस्कळीत असलेले लहान लहान भाग सापडले. बाह्यपटलाचे थर गर्भातच रचले जातात, म्हणून याची सुरुवात जन्माआधीची असावी, असे संशोधकांनी मांडले.

"हे सगळं मी यूट्यूबवर ऐकलंय, मॅडम," आई म्हणाली, "पण मन मानत नाही."

मी तिला मुलाच्या पहिल्या वाढदिवसाचा व्हिडिओ आणायला सांगितले. अशाच घरगुती व्हिडिओंवरून १९९४ मध्ये अमेरिकेतील दोन संशोधिकांनी दाखवले होते, की ऑटिझम असलेली मुले पहिल्या वाढदिवशीही इतरांच्या चेहऱ्याकडे कमी पाहतात आणि हाकेला कमी प्रतिसाद देतात. या व्हिडिओत केकभोवती सगळे टाळ्या वाजवत होते, आत्या पुन्हा पुन्हा हाक मारत होती, आणि मुलगा खुर्चीला बांधलेल्या फुग्याची दोरी बोटांत फिरवत राहिला होता. आईने तेवढाच तुकडा मागे नेऊन पुन्हा पाहिला.

"तेव्हा तर मी रजा वाढवून घरीच होते. मोबाईलही दिला नव्हता."

ती सुटकेचा निःश्वास टाकेल, असे कोणालाही वाटले असते. ती चिडली. "म्हणजे आता मोबाईल बंद केला, तरी हा बोलणार नाही?"

अपराधीपणा इतका चिवट का असतो, याचे उत्तर मला या एका वाक्यात सापडले. माझ्या चुकीने झाले असेल, तर चूक सुधारून ते पुसताही येईल, अशी आशा त्यात दडलेली असते. आई दोष सोडत नाही, कारण तिला ती आशा सोडवत नाही. म्हणून मी हा दोष घाईने काढून घेत नाही, आधी त्या हातांना दुसरे काम देते. नुसती माहिती देऊन मोकळे होणाऱ्या तज्ज्ञांच्या हातून नेमके हेच निसटते, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोबाईल कमी करावाच. २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटना दिवसाला जास्तीत जास्त १ तासाची मर्यादा सांगते. मात्र तो ऑटिझमचे कारण आहे म्हणून नव्हे, तर माणसांशी देवाणघेवाण करण्याचा वेळ तो खातो म्हणून. पहिल्या काही वर्षांत मेंदूतील जोडण्या झपाट्याने घडत आणि छाटल्या जात असतात, त्यामुळे "मुलगे उशिराच बोलतात" म्हणत थांबू नये. वर्षाचे मूल बोट दाखवत नसेल, १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल किंवा आलेले शब्द गेले असतील, तर श्रवणचाचणी आणि विकास-तपासणी लगेच करून घ्यावी. आजीलाही मी एका बैठकीला बोलावलेच, कारण घर सोडून एकट्या आईवर काम करण्यावर माझा विश्वास नाही. घास मागण्यासाठी मूल आपल्याकडे पाहीपर्यंत क्षणभर थांबायचे, हे तिला इतके जमले, की सुनेला दोष देण्याचे तिला सुचेना.

काही महिन्यांनी आईने दुसऱ्या अपत्याविषयी विचारले. धाकट्या भावंडात ऑटिझम आढळण्याचे प्रमाण साधारण ५ पैकी १ असते, हे मी लपवले नाही. बाळ झाल्यास सहाव्या महिन्यापासूनच बालरोगतज्ज्ञांकडून त्याच्या विकासावर लक्ष ठेवावे आणि निर्णय दोघांनी मिळून घ्यावा, एवढे सांगितले. पुढच्या वेळी वडील रात्रपाळी संपवून थेट माझ्याकडे आले, आणि या खेपेला प्रश्नांची यादी त्यांच्या खिशात होती.