माळ घातल्यानंतरचे पहिले कठीण वर्ष

माउली, गळ्यात तुळशीची माळ घातल्यावर पहिल्याच वर्षी शेत करपले आणि घरात आजारपण आले, म्हणून विठ्ठलाने पाठ फिरवली असे तुम्ही मानू नका. तुकोबांकडे पाहा: 1630 च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगाही गेला, आणि परंपरा सांगते की, त्यानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली. कृपा म्हणजे संकट टळणे, हा हिशेब तेथे लागू पडत नाही (माझाही तो अनेक वर्षे चुकतच होता). म्हणून औषधोपचार थांबवू नका, पीकविम्याचा अर्ज वेळेत भरा, आणि सायंकाळचा हरिपाठ मात्र चुकवू नका. मन लागत नसेल, तर नुसते टाळ हाती धरून दिंडीतील मंडळींबरोबर बसा. नवस बोलून देवाशी सौदा करण्याचा मोह अशा काळात फार होतो, तो आवरावा. आषाढीला पायी चालणे जमले नाही, तर कार्तिकीला या. तेही शक्य नसेल, तर गावच्या मंदिरात एकादशीच्या कीर्तनाला बसा.