मार्केटप्लेस म्हणजे बाजारपेठ की अडत?

अक्कलकोट रस्त्यावर टॉवेल-चादरींचा कारखाना असलेल्या घरातल्या एका तरुणाने विचारले आहे: 'बँकेसाठी धंद्याचा आराखडा मराठीत लिहितोय. ऑनलाइन मार्केटप्लेसला "बाजारपेठ" म्हणू की "विक्रीमंच"? काका म्हणतात, "अडत" लिही. पण तो कांद्याचा शब्द, आमच्या मालाला कसा चालेल?'

काकांचे बरोबर आहे. मला तर त्यांचे उत्तर ऐकून फार आनंद झाला.

आधी 'पेठ' बघू. कन्नडात पेटे, तेलुगूत पेट. सोलापुरात या तिन्ही भाषा रोज कानावर पडतात, त्यामुळे शब्दाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पेठ ही जागा आहे. साखर पेठ, मंगळवार पेठ, नवी पेठ. पेठेत गाळा तुमचा, माल तुमचा, गल्ला तुमचा आणि गिऱ्हाईकही तुमच्या ओळखीचे. मार्केटप्लेसवर यातला फक्त माल तुमचा असतो. 'विक्रीमंच' हे प्लॅटफॉर्मचे शब्दशः भाषांतर आहे. त्यात पैशाचा व्यवहार कुठेच दिसत नाही, म्हणून तो बाजूला ठेवू.

आता अडत. पुष्कळजण अडत्या आणि दलाल एकच समजतात, पण बाजारात हा फरक पक्का आहे. दलाल दोघांची गाठ घालून देतो, आपली दलाली घेतो आणि बाजूला होतो. अडत्याच्या दारात माल उतरतो. मालक शेतकरीच राहतो, पण लिलाव अडत्या लावतो, वजन करवतो, खरेदीदाराकडून पैसे वसूल करतो आणि आपली रक्कम कापून शेतकऱ्याला हिशोबाची पट्टी देतो. त्या कापलेल्या रकमेलाही अडत आणि त्या धंद्यालाही अडतच. आमच्या घरी वडील कांदा घालून मार्केट यार्डातून परतले की आई पहिला प्रश्न विचारायची, 'पट्टी काय आली?' भाव काय मिळाला हे ती नंतर विचारायची. भाव वरच्या ओळीत असतो, हाती काय पडले ते पट्टीच्या शेवटच्या ओळीत, हे तिला नेमके ठाऊक होते.

तुमचा टॉवेल ऑनलाइन विकला जातो तेव्हा दुसरे काय घडते? माल त्यांच्या गोदामात उतरतो किंवा त्यांच्या कुरिअरच्या हाती जातो. गिऱ्हाईक पैसे त्यांना देते. कमिशन, पाठवणी, परत आलेल्या मालाचे भाडे असे सगळे कापून काही दिवसांनी रक्कम तुमच्या खात्यावर येते. ही पट्टीच आहे. अ‍ॅमेझॉन आधी स्वतः माल घेऊन विकायची. नोव्हेंबर २००० मध्ये तिने आपल्याच पानांवर इतर विक्रेत्यांना माल मांडू दिला. म्हणजे पेढीला, स्वतःचा माल विकणाऱ्या दुकानाला, अडत जोडली. आपल्याकडे २०१६ च्या परकीय गुंतवणुकीच्या नियमांनी तर हा भेद कागदावरच आणला: मार्केटप्लेस चालवायला परकीय भांडवल चालेल, स्वतःचा साठा ठेवून ऑनलाइन किरकोळ विक्री करायला नाही. पेढी आणि अडत हे दोन जुने शब्द त्या नियमाला नेमके पुरतात.

शब्द बदलला की आराखड्यातले रकाने बदलतात, म्हणून मी एवढा आग्रह धरतोय. 'बाजारपेठ' लिहिले की माणूस विक्रीचा आकडा मांडतो. 'अडत' लिहिले की कपातीचा रकाना आपोआप आखला जातो. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात बार्शी भागातल्या एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांद्याचे, रुपया किलोच्या भावाने, भाडे-हमाली-तोलाई वजा जाता २ रुपयांचा धनादेश मिळाला होता. तो आकडा अजून मनातून जात नाही. कमी किमतीच्या नॅपकिनवर पाठवणीचा खर्च असाच चढतो, आणि त्यातला एक परत आला की तीन-चार नगांचा नफा घेऊन जातो.

अडत कुणी भरायची हा प्रश्नही जुनाच. जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्राने फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचे ठरवले, तेव्हा बाजार बंद पडले होते. अर्थशास्त्रात जाँ तिरोल (२०१४ चे नोबेल) आणि जाँ-शार्ल रोशे यांनी दोन बाजूंना जोडणाऱ्या धंद्यांबद्दल हेच दाखवले: एकूण आकारणी किती, एवढाच प्रश्न नसतो, ती कोणत्या बाजूवर किती टाकली, यावर धंद्याची उलाढाल ठरते. मार्केटप्लेस गिऱ्हाइकाला मोफत पाठवणी देते तेव्हा तो भार कुणाच्या पट्टीत येतो, ते बघा.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गिऱ्हाईक अडत्याचे असते. वडिलांना आपला कांदा कुणी नेला हे कधी कळले नाही. तुमची चादर नागपुरात कुणी घेतली, पुन्हा घेईल का, हे मार्केटप्लेसला कळते, तुम्हाला नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे; त्या नावावर येणारे गिऱ्हाईक थेट आपल्या वहीत यायला हवे. म्हणून स्वतःच्या संकेतस्थळावरच्या विक्रीला मी 'पेढीवरची विक्री' म्हणेन. धोरण म्हणजे या दोन्हींत कोणता माल कुठे घालायचा, हे ठरवणे.

एका ठिकाणी मात्र 'अडत' अपुरा पडतो. यार्डातला लिलाव डोळ्यांसमोर होतो, बोली ऐकू येते. ऑनलाइन कुणाचा टॉवेल वर दिसेल हे आत चाललेले गणित ठरवते, आणि ते आपल्याला दिसत नाही. त्याला अजून आपला शब्द सापडलेला नाही.

लिहिताना 'अडत' आणि 'आडत' दोन्ही रूपे दिसतात; आराखड्यात 'अडत' हे एकच रूप ठेवा. एकवचन अडत्या, अनेकवचन अडते; विक्री 'अडतीवर' होते. बँकेच्या साहेबांसाठी 'मार्केटप्लेस' हा शब्द एकदा वापरायला हरकत नाही. ते वाक्य मी असे लिहीन: 'पहिल्या वर्षी नॅपकिन आणि टॉवेल मार्केटप्लेसवर, म्हणजे अडतीवर विकू; जेकार्ड चादरी फक्त पेढीवर ठेवू; आणि दोन्हींची पट्टी दर महिन्याला वेगळी मांडू.'