होमस्टेचं बुकिंग अचानक बंद पडलं, शेजाऱ्याने दर निम्मे केले, आम्हीही करावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दापोलीजवळ कर्द्यात तीन खोल्या, नाताळपर्यंत ॲपवरून शनिवार-रविवार भरलेले, २६ जानेवारीनंतर एकही बुकिंग नाही, आणि शेजाऱ्याने दर निम्म्यावर आणलेत. त्यातलं शेवटचं वाचलं आणि डाळिंब्या सोलत होते त्या तशाच ठेवून लिहायला बसले.

करू नका. कारण सांगायला मला २०१२ पर्यंत मागे जावं लागेल, कारण हाच वाद आमच्या घरात तेव्हापासून पडून आहे.

मी दिवेआगरची. माहेर रोह्याचं, पण इथे येऊन तीस वर्षं होतील. आमचं घर एकच, वाटणीत मधून भिंत आली. एक बाजू आमची, दुसरी धाकट्या भाऊजींची. पडवी सामाईक आणि पडवीतला सागवानी झोपाळाही सामाईक. हा झोपाळा पुढे परत येणार आहे.

१७ नोव्हेंबर १९९७ ला गावातल्या एका सुपारीच्या वाडीत खणताना तांब्याच्या पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला, हे तुम्हा कोकणातल्यांना नव्याने सांगायला नको. त्यानंतर संकष्टीला गाड्यांची रांग लागायला लागली. अंगारकीला तर आम्ही स्वतः ओटीवर पथाऱ्या टाकायचो आणि माजघरसुद्धा पाहुण्यांना द्यायचो. २००४ ला मी दोन खोल्या काढल्या, पुढे चार केल्या. भाऊजींनी २०११ ला तीन बांधल्या, त्याही संडास-बाथरूम आत असलेल्या. गावात निम्म्या घरांवर तोच बोर्ड: राहण्याची व जेवणाची घरगुती सोय. मार्केटिंग वगैरे कोणी करत नव्हतं. गणपती करत होता.

२०१२ चा पाडवा शुक्रवारी आला, २३ मार्चला. जोडून शनिवार-रविवार, म्हणजे चारही खोल्या भरलेल्या. त्याच रात्री देवळावर दरोडा पडला. दोन रखवालदारांचा जीव गेला आणि मुखवटा गेला. सकाळी मी चुलीवर पोह्यांचं पातेलं ठेवलं होतं आणि बाहेरून रडण्याचे आवाज यायला लागले. दुपारपर्यंत पोलिसांच्या गाड्या, टीव्हीवाले, आणि पाहुणे मुकाट्याने बॅगा भरतायत. चिंचवडच्या एक आजी दरवर्षी यायच्या. गाडीत बसताना मला म्हणाल्या, "आता कोणाच्या दर्शनाला यायचं गं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मे महिन्याचं बुकिंग आठ दिवसांत पुसलं गेलं. तुम्ही ‘अचानक’ लिहिलंय ना, ते मला कळतं. वहीत सगळ्या नावांवर रेघा. आलेली आगाऊ रक्कम मी मनीऑर्डरने परत केली. त्यावर आमचे हे दोन दिवस बोलत नव्हते.

भाऊजींनी तिसऱ्या आठवड्यात दर पाडले. तेव्हा आमच्याकडे खोलीला ९०० रुपये होते, त्यांनी ३५० केले. आणि मला समजवायला आले, अगदी खुर्ची ओढून. "वहिनी, शनिवारची रिकामी खोली रविवारी विकता येत नाही. येईल ते पदरात पाडून घ्या." वाक्य बिनतोड आहे. आजही माझ्याकडे त्याला सरळ उत्तर नाही. पण मी ऐकलं नाही.

मी काय केलं? चारातल्या दोन खोल्यांना कुलूप लावलं, म्हणजे चादरी, पाणी, कामवाली, सगळाच खर्च निम्मा. दर ९०० च ठेवला. आणि वही काढली. २००४ पासून प्रत्येक कुटुंबाचं नाव, गाव, फोन, किती माणसं, कोणाला कांदा चालत नाही, कोणाच्या मुलाला झोपाळ्यावरच झोप लागते, असं काय काय मी लिहून ठेवायचे. नंबर दोनशेच्या वर होते. मोबाइलला रेंज सुरूच्या बनात जाऊन मिळायची, म्हणून रोज संध्याकाळी तिथे जाऊन दहा-दहा फोन केले. सवलतीचं अक्षर काढलं नाही. मी सांगायचे, फणस उतरलाय, सांदणं करतेय, समुद्र जागेवर आहे. आणि आजींच्या प्रश्नाचं उत्तरही तोवर सापडलं होतं. ज्या गावात शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा मराठी ताम्रपट सापडला, जिथे रूपनारायणाची, म्हणजे विष्णूची ती मूर्ती उभी आहे, ते गाव एका मुखवट्यापुरतं थोडंच होतं? खरं सांगायचं तर ताम्रपटाचं मलाही गावच्या गुरुजींनी त्याच मे महिन्यात सांगितलं. पंधरा वर्षं आम्ही सगळ्यांनी एका सोन्यावर भागवलं, दुसरं काही दाखवायची गरजच पडली नव्हती.

त्या मे महिन्यात अकरा कुटुंबं आली. दिवाळीत एकोणीस. आधीच्या वर्षाच्या निम्मंही नाही. जिंकले बिंकले असं मी म्हणणार नाही.

भिंतीपलीकडे मात्र दर शनिवारी फुल्ल. एका खोलीत सहा-सहा पोरं, रात्री दोनपर्यंत गाणी, बाटल्या वाडीत, गाद्यांना सिगारेटची भोकं. माझ्याकडे आलेलं एक कुटुंब रात्रीच उठून दुसरीकडे गेलं, त्याचे पैसे मी घेतले नाहीत. ऑक्टोबरात पलीकडच्या पोरांतली पाच जणं एकदम झोपाळ्यावर चढली आणि कडी आढ्यातून उपटून आली. सासऱ्यांनी करून घेतलेला झोपाळा, पाट मधून चिरला. भाऊजी म्हणाले, दुरुस्तीचे अर्धे मी देतो. सुताराचं बिल मी दिलं.

पुढे २०१४ मध्ये त्यांनी दर परत ८०० करायचं ठरवलं. कोण देणार? ज्यांना ३५० माहीत होतं ते दुसऱ्या ३५० वाल्याकडे गेले. आणि घरचे, लेकुरवाळे पाहुणे त्यांच्या खोल्यांचं नाव ऐकूनच नको म्हणत. दर उतरवला की पाहुणाच बदलतो, आणि बदललेला पाहुणा जुन्याला परत येऊ देत नाही, हे त्यांनाही दिसत होतं. तोंडाने मात्र अजून कबूल नाही.

दुसरी खेप निसर्ग वादळाची. ३ जून २०२० च्या दुपारी वादळ आमच्याच किनाऱ्याला लागलं. कौलं गेली, वाडीतल्या सुपाऱ्या आडव्या झाल्या. नवं झाड लावलं तरी सुपारी हाताला यायला पाच-सहा वर्षं जातात. आधीच टाळेबंदी, त्यात कित्येक आठवडे वीज नाही. तेव्हा त्या वहीतली माणसं उलट आम्हाला फोन करत होती. एकांनी ताडपत्र्या पाठवल्या. चौदा कुटुंबांनी पुढे कधीतरी येऊ म्हणून दोन-दोन, पाच-पाच हजार आगाऊ पाठवले. ते मी त्याच वहीत मागच्या पानापासून उलटे लिहिले आणि २०२२ च्या दिवाळीपर्यंत पाहुणचारात फेडले. स्वस्तात राहून गेलेल्यांपैकी एकाचाही फोन पलीकडे आला नाही. हे मी भाऊजींना तेव्हा ऐकवलं. ऐकवायला नको होतं, पण ऐकवलं. चोरीतलं सोनं वितळलेल्या रूपात मिळालं, त्यातून मुखवटा घडवला आणि २३ नोव्हेंबर २०२१ ला, अंगारकीलाच, तो परत देवळात बसला. चिंचवडच्या आजी तोवर नव्हत्या. त्यांची सून येते.

आता तुमचं. माझा पुतण्या, म्हणजे त्याच भाऊजींचा मुलगा, माझं ॲप सांभाळतो, त्यामुळे थोडं कळतं. आधी कॅलेंडर बघा. गेल्या वर्षी माझ्याकडे अठरा दिवस एक बुकिंग नाही, मी आपली मंदीला शिव्या देतेय. शेवटी निघालं काय, तर घरच्या बोडणासाठी, म्हणजे देवीच्या पूजेसाठी, मी एक खोली अडवली होती आणि दोन ॲप एकमेकांना जोडलेली असल्यामुळे दुसऱ्यावर आख्खं घरच अडवलेलं दिसत होतं. दुसऱ्या कोणाच्या तरी मोबाइलवरून स्वतःचंच घर शोधा, पुढच्या शनिवारची तारीख टाकून. दिसत नसेल तर दर शून्य केलात तरी उपयोग नाही. दिसतंय, लोक उघडून बघतायत आणि घेत नाहीत, तर मग फोटो, शेवटची दोन-तीन परीक्षणं आणि बुकिंग रद्द करण्याचे नियम बघा. नाताळात गर्दीत तुमच्याकडून कोणाची तरी हेळसांड झाली असेल, आठवून बघा. वरच्याच परीक्षणात ‘बाथरूममध्ये पाणी नव्हतं’ असेल तर बाकीचं कोणी वाचत नाही.

आणि २६ जानेवारीनंतर बुकिंग पडणं यात अचानक काय आहे? फेब्रुवारी-मार्चात बारावी-दहावीची परीक्षा. ज्या घरात परीक्षा तिथे कोणी समुद्रावर जात नाही, आणि मध्यमवर्गीय पाहुण्यांत दर पाच घरांत एक तरी परीक्षा असतेच, हा माझ्या वहीचा हिशोब. पितृपक्षात असंच होतं. तुमचं हे पहिलंच वर्ष असावं. त्यातून तुमच्याकडे तर आंजर्ल्याची कासवं आहेत, फेब्रुवारी ते एप्रिल पिल्लं समुद्रात सोडतात. ती बघणारा माणूस पहाटे उठतो, रात्री दहाला झोपतो, त्याला तुमच्या फोटोतला रंगीत दिव्यांचा झोपाळा नको असतो, पहाटे पाचचा चहा हवा असतो. तो मिळतो हे ॲपवर लिहा. मोठ्या टीव्हीच्या आधी लिहा.

सोमवार ते गुरुवार थोडं सोडलंत तर बिघडत नाही. पण रुपयात नको, पदार्थात सोडा: दोन रात्री राहिलात तर तिसऱ्या दिवशीचं जेवण आमच्याकडून. जेवण दिलं हे माणूस कौतुकाने सांगतो, ४०० रुपये कमी केले हे सांगताना ‘मी घासाघीस केली’ म्हणतो. शनिवारच्या दराला हात लावू नका. ॲपचं कमिशन, वर पाहुण्याच्या बिलात लागणारा जीएसटी (तुमची स्वतःची नोंदणी नसली तरी ॲपवरच्या बुकिंगला तो लागतोच), हे सगळं धरून निम्म्या दरात तुमच्या हातात काय उरतं ते कागदावर मांडा. चादर धुण्याचे निघाले तरी खूप. मात्र ॲपवर आलेल्या पाहुण्याला फोडून ‘रद्द करा, थेट पैसे द्या’ असलं करू नका, ते पकडतात आणि यादीत तळाला ढकलतात. तो राहून जाऊ दे, जाताना नंबर वहीत घ्या, पुढच्या वेळी तोच फोन करेल.

वही नाही म्हणाल. आज सुरू करा. नाताळातल्यांचे नंबर मोबाइलमध्ये असतीलच.

एक राहिलं, आणि ते सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. २०१२ मध्ये माझ्यावर कर्ज नव्हतं, आणि हे शाळेत कारकून होते, पगार एक तारखेला येत होता. दोन खोल्यांना कुलूप लावायची चैन मला त्या पगारामुळे जमली. भाऊजींच्या तीन खोल्या पतपेढीच्या कर्जावर उभ्या होत्या आणि पतपेढीला हप्ता हवा होता, तिला ताम्रपटाशी काय करायचंय? त्यांनी ३५० मध्ये पोरं ठेवली नसती तर कदाचित त्या खोल्या आज दुसऱ्याच कोणाच्या असत्या. तेव्हा तुमच्या डोक्यावर हप्ता असेल तर दोन महिने हप्त्यापुरते पैसे येतील असा दर लावा आणि माझं काही ऐकू नका. फक्त ॲपवर तो तारखेसकट ‘परीक्षेच्या दिवसांपुरता’ म्हणून लावा, आणि एका खोलीत सहा जणं घेऊ नका.

हे भाऊजींना मी तोंडावर कधी म्हटलेलं नाही. पुतण्या हे वाचेल आणि संध्याकाळपर्यंत पलीकडे पोचवेल, पोचवू दे. झोपाळ्याचे अर्धे पैसेही अजून यायचेत, तेही सांग म्हणावं. सुताराचं बिल वहीत लावून ठेवलंय, १,८५० रुपये.