इमारत राहू द्या, वॉर्ड दाखवा म्हणा

प्रश्न : ताई, माझी मुलगी बारावी सायन्सला ६१ टक्क्यांनी पास झाली, नर्सिंगची सीईटी पण दिली पण मार्क बेताचेच आहेत. आमच्या ओळखीतला एक माणूस घरी आला होता, म्हणे मॅनेजमेंटची सीट पक्की करून देतो, पन्नास हजार आज भरा आणि ओरिजनल मार्कशीट, टीसी आमच्याकडे जमा करा. कॉलेजच्या बोर्डावर शासनमान्य आणि आयएसओ प्रमाणित असं लिहिलेलं आहे. खरं-खोटं कसं ओळखायचं? – एक आई, हिंगणा

ताई, पहिलं म्हणजे ते ओरिजनल कागद कोणालाही देऊ नका, पन्नास हजार गेले तर हळहळ होईल पण कागद अडकले तर पोरीचं वर्षच जाईल. त्या माणसाला म्हणा झेरॉक्स घेऊन जा, आणि बघा तो किती वेळ बसतो ते.

आता बोर्डाचं. शासनमान्य हा शब्द आपल्याकडे पाणीपुरीच्या ठेल्यावर लिहायचा तेवढा बाकी आहे. आणि आयएसओचा शिकवण्याशी काही संबंध नाही हो, ते प्रमाणपत्र मसाल्याच्या कारखान्यालाही मिळतं. काही ठिकाणी एनएबीएच पण मोठ्या अक्षरात लिहितात, ते हॉस्पिटलचं असतं, कॉलेजचं नाही. नर्सिंगच्या कॉलेजला तीन ठिकाणचा होकार लागतो आणि तिन्ही वेगवेगळे बघायचे. एक दिल्लीची इंडियन नर्सिंग काउन्सिल, म्हणजे आयएनसी. दुसरी मुंबईची महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिल, जी शेवटी तुमच्या पोरीचं रजिस्ट्रेशन करणार. आणि तिसरं परीक्षा कोण घेणार ते, बीएस्सी असेल तर नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, जीएनएम (जनरल नर्सिंग आणि मिडवायफरीचा डिप्लोमा) किंवा एएनएम (त्याच्या खालचा, सहायक नर्सचा कोर्स) असेल तर राज्याचं नर्सिंग आणि पॅरामेडिकलचं शिक्षण मंडळ. (२०२३ मधे केंद्रानं नर्सिंगसाठी नवीन आयोगाचा कायदा केला, १९४७ च्या काउन्सिलच्या कायद्याच्या जागी, त्यामुळे पुढं-मागं नावं बदललेली दिसली तर दचकू नका.)

आयएनसीच्या वेबसाइटवर राज्यवार आणि कोर्सवार यादी असते, ती मोबाइलवर उघडते. त्यात कॉलेजचं नाव दिसलं की लोक लगेच पेढे वाटतात, तिथंच चुकतं. नाव कोणत्या कोर्ससमोर आहे ते बघा. कित्येकदा संस्थेला जीएनएमची परवानगी असते आणि ॲडमिशन बीएस्सीच्या पण घेत असतात, सांगतात की फाइल पाठवली आहे, येईलच. आलेली नाही ना, मग नाही. दुसरं, इनटेक किती आहे ते बघा, म्हणजे वर्षाला किती मुलं घेता येतात. चाळीस सीट असतील आणि वर्गात सत्तर पोरी बसलेल्या असतील तर वरच्या तीस पोरींचं काय होणार ते तुम्हीच समजा. आणि तिसरं, यादी या वर्षीची पाहिजे. मागच्या वर्षीचा कागद लॅमिनेट करून भिंतीवर लावलेला असतो, तो कामाचा नाही.

पण ताई, यादीत नाव असलं तरी मी तेवढ्यावर थांबत नाही. मी स्वतः वीस-बावीस वर्षं नर्सिंगच्या मुलींना शिकवलं, त्यामुळे मला कोणी ॲडमिशनचं विचारलं की मी इमारत बघतच नाही, मी म्हणते तुमचं हॉस्पिटल कुठं आहे ते दाखवा. माझ्या नणंदेच्या मुलीसाठी आम्ही असंच एका संस्थेत गेलो होतो, नाव नाही घेत. ब्रोशर एकदम झक्कास, पुढं बाग, रिसेप्शनला एसी. मी म्हटलं पेरेंट हॉस्पिटल बघायचं आहे, तर दोघं-तिघं एकमेकांकडे पाहायला लागले. शेवटी नेलं. सकाळचे अकरा वाजले होते, म्हणजे कोणत्याही चालत्या वॉर्डात राउंड संपून ड्रेसिंगची गडबड असते ती वेळ. इथं काय, तर पलंग ओळीनं लावलेले, गाद्यांवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही, सलाइनच्या स्टँडवर बोट फिरवलं तर धुळीची रेघ उमटली. पेशंट दोन. त्यातला एक उठून बसला आणि मलाच विचारतो, मॅडम आता जाऊ का घरी? मी त्याला काय सांगणार बाप्पा.

आयएनसीचा नियम असा आहे की बीएस्सी किंवा जीएनएमसाठी संस्थेचं स्वतःचं निदान १०० खाटांचं हॉस्पिटल पाहिजे आणि एका विद्यार्थ्यामागे तीन पेशंट पाहिजेत. हे कागदावरचं झालं. का पाहिजेत तर इंजेक्शन, कॅथेटर, बेड-बाथ हे डमीवर शिकता येतं पण घाबरलेल्या म्हातारीची शीर शोधणं डमीवर नाही शिकता येत. मिडवायफरीत, म्हणजे बाळंतपणाच्या भागात, तर पोरीला ठरलेल्या संख्येइतक्या डिलिव्हरी स्वतः कराव्या लागतात आणि केसबुकात लिहाव्या लागतात, पेशंटच नसतील तर ती केसबुकं रात्री होस्टेलमधे एकमेकींची पाहून भरली जातात, मी अशी भरलेली पाहिली आहेत. म्हणून विचारा की पोस्टिंग कुठं कुठं असते. नागपुरात नशीब असं की मोठे सरकारी दवाखाने आहेत, मेडिकल आहे, मेयो आहे, बाळंतपणाला डागा आहे, मानसिक आजारांच्या पोस्टिंगला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. कॉलेजवाले म्हणाले की आमची मुलं तिथं जातात, तर विचारा कोणत्या महिन्यात, किती आठवडे, सोबत ट्यूटर कोण असतो. आणि जमलं तर सकाळी त्या दवाखान्याच्या गेटवर उभं राहा आणि त्या कॉलेजच्या युनिफॉर्ममधली पोरगी दिसली की तिलाच विचारा. ती पाच मिनिटांत जे सांगेल ते ब्रोशरमधे कुठंच नसतं.

पैशाचं पण सांगते. सीईटीचे मार्क बेताचे आहेत म्हणून लगेच मॅनेजमेंट सीटवर जाऊ नका, आधी कॅपचे, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचे, सगळे राउंड होऊ द्या, नर्सिंगला शेवटच्या राउंडपर्यंत याद्या हलतात. आणि कॅपमधून जाण्याचा मोठा फायदा फीचा आहे. २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसच्या ज्या मुलींच्या घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे त्यांची ट्यूशन आणि परीक्षा फी सरकार भरतं, पण ते कॅपमधून ॲडमिशन घेतली तरच, मॅनेजमेंट कोट्याला नाही आणि खाजगी अभिमत विद्यापीठालाही नाही. तुम्ही जात लिहिली नाही, पण यात बसत असाल तर नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल याच्यासाठी सेतूत आजच जा, उशीर केला तर तिथं उभं राहायला जागा नसते. खाजगी कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साइटवर दिसते, त्यापेक्षा जास्त मागितली तर पावती मागा. पावती मागितली की आवाज खाली येतो हा माझा अनुभव.

प्रश्न : मी आर्ट्सचा मुलगा, काटोलचा. बारावीला ५४ टक्के. मला नर्सिंग करायचं आहे पण मित्र हसतात, म्हणतात पोरींचं काम आहे. मला ॲडमिशन मिळेल का आणि पुढं नोकरी आहे का?

मित्रांना हसू दे, त्यांना ॲक्सिडेंट होऊन कॅज्युअल्टीत न्यावं लागलं की समजेल तिथं धट्टाकट्टा ब्रदर लागतो की नाही.

बीएस्सी नर्सिंग तुला होणार नाही, त्याला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी पाहिजेच आणि ओपनला ४५ टक्के. पण जीएनएमला आर्ट्स चालतं, इंग्रजी विषय आणि ४० टक्के पाहिजेत, सायन्सवाल्यांना मात्र आधी पसंती असते. तीन वर्षांचा कोर्स आहे. नंतर वाटलं तर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं, म्हणजे पदवीचा रस्ता बंद नाही झाला. कोणी म्हणेल की जीएनएम बंद होणार आहे, ती चर्चा मधे खूप चालली होती, कोर्स अजून चालू आहे.

नोकरीचं म्हणशील तर एम्सच्या नर्सभरतीची नॉरसेट परीक्षा असते, आपल्या नागपूरच्या मिहानमधलं एम्स पण त्यातच येतं. तिथं जीएनएमवाल्याला ५० खाटांच्या हॉस्पिटलमधला दोन वर्षांचा अनुभव लागतो, बीएस्सीवाल्याला लागत नाही. आणि जागा ८० टक्के मुलींना, २० टक्के मुलांना, हे पण आत्ताच ऐकून ठेव, नंतर चिडशील.

प्रश्न : मॅडम मी मागच्या वर्षी एका इन्स्टिट्यूटमधे दोन वर्षांच्या नर्सिंग डिप्लोमाला ॲडमिशन घेतली. एक वर्ष झालं. आता कळलं की त्याचं नाव आयएनसीच्या यादीत नाही, महाराष्ट्र काउन्सिलकडे पण नाही. सर म्हणतात खाजगी दवाखान्यात चालतं. पूर्ण करू का सोडू? घरी अजून सांगितलं नाही. – नंदनवन

बाळा, सोड. आणि आज संध्याकाळी घरी सांग, जेवणं झाल्यावर सांग, आधी नको.

सर म्हणतात ते अर्धं खरं आहे. लहान नर्सिंग होममधे असा डिप्लोमा घेतलेल्या पोरी कामाला ठेवतात, पांढरा ड्रेस पण देतात, पण पगार आया-मावशीच्या जवळपास आणि काही गडबड झाली तर पहिलं बोट तुझ्याकडे, कारण तुझ्याजवळ रजिस्ट्रेशन नाही. काउन्सिलचा आरएन-आरएम नंबर, म्हणजे नोंदणीकृत नर्स आणि मिडवाइफचा नंबर, नसेल तर सरकारी भरतीत फॉर्मच भरला जात नाही, परदेश तर दूरच. हे एक वर्ष कुठंच धरलं जाणार नाही, दुसऱ्या वर्षाला थेट घेतो असं कोणी म्हणालं तर तो पण त्यातलाच समज. दुसरं वर्ष पण तिथं घालवलंस तर दोन जातील.

तुझं बारावीचं मार्कशीट कुठं जात नाही, पुढच्या वर्षीच्या सीईटीला बसता येतं. बीएस्सीची सीईटी १०० प्रश्नांची, दीड तासाची, निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यातले वीस प्रश्न इंग्रजीचे आणि वीस नर्सिंग ॲप्टिट्यूडचे, म्हणजे बायोलॉजीत कच्ची असशील तरी वाव आहे.

फीच्या सगळ्या पावत्या एका पिशवीत ठेव, व्हॉट्सॲपवर त्यांनी काय काय सांगितलं होतं त्याचे स्क्रीनशॉट काढ. मग वडिलांना सोबत घेऊन जा, एकटी जाऊ नको, आणि ओरिजनल कागद त्यांच्याकडे असतील तर ते परत मागण्याचा अर्ज लेखी दे, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर त्यांचा शिक्का आणि तारीख घे. नाही दिले तर पोलीस स्टेशनला तक्रार दे आणि मार्कशीटची डुप्लिकेट बोर्डाच्या नागपूर विभागीय मंडळातून काढता येते. टीसीसाठी तुझ्या जुन्या कॉलेजात जा, तिथल्या क्लार्कला आधी चहा पाज आणि मग विषय काढ.