एकेचाळिसावा नंबर आणि माझी वही

प्रश्न : एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा, ड्राफ्ट (संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायचा कार्यक्रम) संपतो न संपतो तोच तज्ज्ञ मंडळी प्रत्येक संघाला ए, बी, सी अशा ग्रेड वाटून मोकळी होतात. माझा मुलगा म्हणतो, हा निव्वळ टाइमपास. मला वाटतं, त्यात हयात घालवलेली माणसं काहीतरी बघूनच बोलत असतील. आम्ही दोघंही डेन्व्हर नगेट्सचे चाहते. तेवढ्यापुरतं तरी सांगा, कोण बरोबर? – एक वाचक, सांगली

उत्तर : डेन्व्हर म्हणालात म्हणून कपाटातून २०१४ची वही काढली. शाळेत खेळ शिकवायचे तेव्हापासूनची सवय, तज्ज्ञांच्या ग्रेड वाचण्याआधी आपल्या लिहून ठेवायच्या. तीस संघ, दोन फेऱ्या, साठ खेळाडू. वहीची चार पानं पुरतात.

त्या वर्षी २६ जूनला ब्रुकलिनमध्ये ड्राफ्ट झाला, म्हणजे आपल्याकडे २७ची पहाट. डेन्व्हरने अकराव्या नंबरावर, म्हणजे निवडीच्या अकराव्या पाळीला, डग मॅक्डरमॉट घेतला. कॉलेजात धो धो गुण करणारा पोरगा. लगेच त्याला शिकागोला देऊन बदल्यात सोळावा आणि एकोणिसावा नंबर घेतला : बोस्नियाचा धिप्पाड सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) युसुफ नुर्किच आणि गार्ड (बास्केटपासून लांब खेळणारा) गॅरी हॅरिस. एकाचे दोन! तज्ज्ञांना सौदा आवडला, मलाही. वहीत ‘ए’ आहे आणि त्याखाली दोन रेघा. पानाच्या तळाशी, दूधवाल्याच्या हिशेबाला लागून, बारीक अक्षरात : ‘४१ – सर्बियाचा सेंटर. जाडसर. तिकडेच राहील.’ ग्रेड नाही.

तो निकोला योकिच. त्याचं नाव पुकारलं तेव्हा अमेरिकी टीव्हीवर टाको बेलची जाहिरात चालू होती, नाव खालच्या पट्टीतून सरकून गेलं. तो स्वतः तिकडे सर्बियात झोपला होता. पुढचं वर्षभर तो सर्बियातच खेळला, म्हणजे माझं ‘तिकडेच राहील’ वर्षभर तरी खरं ठरलं. मग आला आणि २०२१, २०२२, २०२४ अशी तीन वर्षं लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०२३ला डेन्व्हरचं पहिलंवहिलं विजेतेपद त्याच्याच जिवावर.

आता दोन रेघांचं काय झालं ते बघा. मॅक्डरमॉट स्टार कधी झाला नाही, तेव्हा सौदा चांगला होता हे खरंच. हॅरिस काही वर्षं उत्तम खेळला आणि २०२१मध्ये ॲरन गॉर्डनच्या बदल्यात ऑरलँडोला गेला. गॉर्डन त्या विजेत्या संघात होता, म्हणजे एकोणिसाव्या नंबराचं व्याज नऊ वर्षांनी हाती पडलं. नुर्किचचं मात्र फिसकटलं. दोन सेंटर एका मैदानात मावेनात. २०१७च्या फेब्रुवारीत त्याला पोर्टलँडला धाडलं, वर पहिल्या फेरीचा एक नंबरही दिला. पठ्ठ्याने मार्चमध्ये डेन्व्हरवरच ३३ गुण काढले आणि जुन्या सवंगड्यांना ‘सुट्टी मजेत घालवा’ अशा शुभेच्छा दिल्या! प्लेऑफची, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांची, शेवटची जागा पोर्टलँडने एका विजयाच्या फरकाने नेली.

तर तज्ज्ञ खोटं बोलले नव्हते. पण ती ग्रेड खेळाडूला नसते. प्रत्येक तज्ज्ञाची आपली एक यादी असते. यादीत दहावा असलेला तुम्ही विसाव्यावर उचललात तर ‘ए’, उलटं केलंत तर ‘सी’. दुसऱ्या फेरीत यादीच विरळ होते, मग शेरा मारून पुढे जायचं. मीही तेच केलं.

आणि डेन्व्हरला तरी कुठे ठाऊक होतं? योकिच काय चीज आहे हे कळलं असतं तर सोळाव्याला दुसरा सेंटर घेऊन याच्यासाठी एकेचाळिसाव्यापर्यंत थांबले असते? आदल्याच वर्षी, २०१३ला, याच संघाने सत्ताविसाव्या नंबरावरचा रूडी गोबेर त्याच रात्री युटाला देऊन टाकला – शेहेचाळिसावा नंबर आणि रोख रकमेवर. पुढे तो चारदा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू झाला. २०१७ला तेराव्यावरचा डोनोव्हन मिचेलही युटालाच! गोबेरला सोडताना संघाची सूत्रं टिम कॉनेली यांच्याकडे होती, हुद्द्यावर येऊन जेमतेम काही दिवस झाले होते. २०२२ला ते मिनेसोटात गेले आणि त्याच गोबेरसाठी पाच खेळाडू आणि पहिल्या फेरीचे चार नंबर मोजले. तेव्हा तज्ज्ञांनी त्यांना धुऊन काढलं. मे २०२४मध्ये मिनेसोटाने प्लेऑफ मालिकेच्या सातव्या, निर्णायक सामन्यात वीस गुणांची पिछाडी भरून काढत डेन्व्हरलाच घरी बसवलं, ९८–९०. तुम्ही बाप-लेकांनी तो सामना पाहिला असेल तर मी जास्त बोलत नाही.

मला हसायचा अधिकार नाही. निवडचाचणीत सहावीतल्या एका मुलीला मी ‘उंची नाही’ म्हणून परत पाठवलं होतं. दोन वर्षांनी ती दुसऱ्या शाळेकडून आली आणि आमच्याविरुद्ध सोळा गुण करून गेली. जाताना ‘बाई, येते’ म्हणून पायाही पडली.

तुम्हाला बी, चिरंजीवांना बी प्लस. प्लस अशासाठी की त्याने यादी केली नाही.

प्रश्न : आपला सतनाम सिंग ड्राफ्टमध्ये निवडला गेला होता ना? – एक वाचक, नांदेड

उत्तर : हो, २०१५ला, डॅलसने, बावन्नाव्या नंबरावर. निवडला गेलेला पहिला भारतीय. एनबीएच्या मुख्य हंगामातला सामना काही त्याच्या वाट्याला आला नाही. त्या वर्षीच्या वहीत डॅलसला माझी ग्रेड ‘ए प्लस’ आहे. ती मी खोडणार नाही.