नाउ आणि नॉटमध्ये एकाच अक्षराचा फरक

नमस्कार ताई,

पत्र वाचलं तुमचं. मुलगा मेकॅनिकल डिप्लोमा चांगल्या मार्कांनी पास झालाय, मशीनवर हात बसलाय, पण इतक्या कंपन्यांना मेल टाकूनही उत्तर नाही, आणि तुम्ही स्पेलिंग बघ म्हटलं की म्हणतो, काम येतं ना मला, स्पेलिंग कोण बघतंय. त्याचा मेल सोबत पाठवलात ते फार बरं केलंत.

सुरुवातच "मायसेल्फ" अशी आहे. आपल्याकडे शाळेतच तसं पाठ करून घेतात, त्यात त्याचा दोष नाही, पण ते चूक आहे, "आय ॲम" किंवा "माय नेम इज" लिहायचं. पुढे मॅनेजरच्या स्पेलिंगमधला दुसरा ए गळलाय, आणि तो गळला की शब्दाचा अर्थ होतो गव्हाण, गुरांना चारा घालतात ती. याच्याखाली कॉम्प्युटर लाल रेघ मारत नाही कारण तोही खरा शब्दच आहे, म्हणून सगळं स्पेलचेकवर सोडून चालत नाही.

मुलगा हुशार आहे हे तुम्हाला माहितीये ताई, पण कंपनीतल्या माणसाने त्याला मशीनवर कधी बघितलेलंच नाही, त्याच्यासमोर त्या आठ ओळीच आहेत. उत्तर फक्त याच्यामुळे आलं नाही असं मी म्हणणार नाही, फ्रेशर्सची गर्दीही खूप असते, पण हे आपल्या हातातलं आहे.

आणि नोकरी लागल्यावर तर जास्तच लागतं हे. शिफ्ट संपताना लॉगबुकमध्ये "कूलंट पंप नॉट वर्किंग" लिहायचंय आणि टीच्या जागी डब्ल्यू पडला की झालं "नाउ वर्किंग". पुढच्या शिफ्टचा माणूस पंप चालू आहे समजून मशीन लावणार, थंड करणारं कूलंट न मिळाल्याने टूल जळणार, जॉब म्हणजे मशीनवर बनत असलेला पार्ट रिजेक्ट होणार. त्याला एवढंच विचारा, जॉब व्हर्नियरने मोजल्याशिवाय पुढे देतोस का? नाही ना, मग मेलही तसाच एकदा मोजून पाठव.

त्याच्या नावाचं स्पेलिंग दहावीच्या सर्टिफिकेटवर, आधारवर आणि बायोडेटात एकच आहे का तेही आजच बघा, माझ्याकडे येणाऱ्या मुलांचं जॉइनिंगच्या वेळी यातच अडतं, आणि मग गॅझेट वगैरे करत पळापळ होते.

एआय लिहून देतं म्हणतो तो, देऊ दे की, पण लॉगबुक हातानेच लिहायचं असेल तर तिथे काय करणार?

मराठी अर्जांचंही तेच. "दिन" म्हणजे दिवस आणि "दीन" म्हणजे गरीब बिचारा, तरी दरवर्षी मराठी भाषा गौरव दीनाचे बॅनर लागतात, बघून जीव तुटतो. मराठी शुद्धलेखनाचे नियम आहेतच किती, १९६२ चे १४ आणि १९७२ मध्ये वाढवलेले ४, असे १८. रोज दोन केले तर नऊ दिवसांत होतात, फूल पण फुलाला, मूल पण मुलाला, असं उदाहरणांसकट करायचे.

त्याला रागावू नका. पुढचा मेल लिहिला की मोबाईल बाजूला ठेवून तासाभराने मोठ्याने वाचायला सांगा आणि मग मला पाठवा. मी चुका दुरुस्त करून देणार नाही, कुठल्या ओळीत किती आहेत तेवढं सांगेन, शोधायच्या त्यानेच.