वडिलांचा फोन जुना ॲंड्रॉइड ७ चा आहे, बँकेचं ॲप उघडतच नाही, नवीन घ्यावाच लागेल का?

लगेच नका घेऊ भाऊ. आधी सेटिंगमध्ये डेव्हलपर ऑप्शन (ॲप बनवणाऱ्यांसाठीची खास सेटिंग) चालू राहिलंय का बघा, काही ॲप तेवढ्यावरून अडतात, आणि खात्याला जोडलेलं सिम त्याच फोनात पाहिजे, त्यातून एसएमएस जाण्याएवढा बॅलन्स पाहिजे, नाहीतर रजिस्ट्रेशन नुसतं फिरत बसतं. या फोनवर ॲप चालणार नाही असं प्ले स्टोअरच म्हणत असेल तर मग विषय संपला, जुन्या ॲंड्रॉइडला सिक्युरिटी अपडेट येत नाहीत म्हणून बँका सपोर्ट काढून घेतात.

पण कोणी व्हॉट्सॲपवर एपीके, म्हणजे ॲपची फाईल, पाठवली तर अजिबात टाकू नका, केळीचे-कापसाचे वर्षभराचे पैसे त्याच खात्यात असतात हो.

आमच्या चोपडा-यावलकडे शेतात नेट तसंही धड नसतं, तिथे नेटशिवाय डायल करायचा बँकिंगचा *९९# खरंच कामाचा, बटणाच्या फोनवरून पण खात्यातला बॅलन्स कळतो आणि एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत पाठवता येतात. पहिल्यांदा डेबिट कार्डचे शेवटचे ६ आकडे आणि एक्स्पायरी टाकून यूपीआय पिन बनवायचा, कार्ड आधीच हातात घेऊन बसा कारण उशीर झाला की मेनू बंद पडतो. त्या सिमवर *९९# लागत नसेल तर यूपीआय १२३पे, म्हणजे नेटशिवाय फोन लावून पैसे पाठवायच्या सोयीचा, ०८०४५१६३६६६ नंबर लावून बघा, २०२२ पासून ती सोय आहे.